चार नंबरचं पान

वच्छलेला कुणी फसवलं, असं वरवट बकालात कधी ऐकू आलं नाही. कासारीण दारात आली की वच्छला बांगडी आधी उन्हाकडे धरायची. सांधा कुठे आहे ते दिसल्याशिवाय मनगट पुढे करायची नाही. दुधाचा एक थेंब नखावर घेऊन नख तिरपं करायची. थेंब घसरून गेला की गवळ्याकडे नुसती बघायची. बोलायची काहीच नाही. तोच बिचारा म्हणायचा, "आज म्हशीनं पानीच लय पेलं वैनी." शेजारच्या झुंबरबाईचा गावाबाहेर वांग्या-मिरच्यांचा मळा होता. ती म्हणायची, "तुह्या हाती वांगं देलं की मलेच भेव वाटते माय. जसं काही मीच आतून किडेल हावो."

सासूबाई सुभद्राबाई या स्वभावाचं एकच कारण सांगत. "घाटावरची हाये ते." वच्छलेचं माहेर डोणगावचं, मेहकर तालुक्यातलं, म्हणजे घाटावर, सासर घाटाखाली. घाटावरून आलेल्या सुनेचं सगळंच घाटाखाली वेगळं दिसतं, मग ते भाकरी थापणं असो की बघणं.

मात्र संशय एवढा असूनही प्रश्न तिच्या तोंडी कधी नसे. त्या घरात सुनेनं विचारायची रीत नव्हती. सासऱ्यांना काही हवं-नको ते सासूच्या मार्फत. नवऱ्याशी चारचौघांत बोलायचं ते भिंतीकडे बघून, "पाणी तापलं म्हणावं," असं. सात वर्षं वच्छलेनं भिंतीलाच सगळं सांगितलं होतं आणि उत्तरं डोळ्यांनी गोळा केली होती.

लग्नाच्या चौथ्या वर्षी तिला मुलगी झाली. द्वारका. वर्षाचीही झाली नव्हती आणि गोवराच्या साथीत गेली. तिसऱ्या दिवशी सुभद्राबाईंनी पाळणा माळ्यावर टाकला आणि सांगितलं, "आता तिचं नाव घ्याचं नाही. नाव घेतलं का मांगून येनारं वाट चुकते. आन् मोजाचंबी नाही." गावात सगळीकडे असंच होतं. त्या वर्षी देवीची लस टोचणारा आला, वही उघडून म्हणाला, "घरात लेकरं किती?" सासरे महादेवराव ओसरीवरूनच म्हणाले, "एकबी नाही. समोरच्या घरी जा." वच्छला दाराआड होती. शालिग्राम, तिचा नवरा, पायरीवर बसून बुटाची नाडी बांधत होता. नाडी आधीच बांधलेली होती. त्यानं ती सोडली आणि पुन्हा बांधली. काहीतरी दडवायचं असलं की हा माणूस झालेलं काम पुन्हा करतो, ही खूण वच्छलेनं त्या दिवशी मनाशी पक्की केली.

शालिग्राम शेतकी खात्यात होता. नागपूरला चार वर्षं राहून शेतकीची पदवी घेतलेला, गव्हावर काम करणारा. सन सहासष्टच्या पावसाळ्यात त्याला सरकारी लखोटा आला. बुटक्या, भरघोस ओंबीच्या नव्या गव्हाचं शिक्षण घ्यायला सहा महिने मेक्सिकोला जायचं होतं. महादेवरावांनी तो लखोटा आठ दिवस डोक्याच्या रुमालात ठेवून गावभर दाखवला. मेक्सिको कुठे, हे त्यांना कुणी विचारलं तर म्हणत, "अमेरिकेच्या खाली. जसं आपन घाटाच्या खाली."

तिथली भाषा स्पॅनिश. तिचा पंधरा दिवसांचा वर्ग नागपूरला झाला. गोव्याकडचे एक म्हातारे मास्तर शिकवायला होते. शालिग्राम गेला पंधरा दिवसांसाठी आणि परतला अठराव्या दिवशी. पासपोर्टाच्या कागदांना वेळ लागला म्हणाला. येताना मास्तरांनी दिलेले सायक्लोस्टाइलचे कागद घेऊन आला. त्यांवर नुसते प्रश्नच होते. मास्तरांचं म्हणणं असं की परक्या मुलखात माणसाला आधी प्रश्न समजले पाहिजेत; उत्तर हातवाऱ्यांनीही देता येतं. प्रत्येक ओळीच्या डोक्यावर शालिग्रामनं देवनागरीत उच्चार लिहिले होते आणि पुढे मराठी अर्थ.

आता प्रश्न विचारणारं कुणीतरी हवं. पहिल्या दिवशी महादेवरावांनी स्वतः चष्मा लावला. पण ते "कोमो एस्ता?" असं काही ओरडत की गोठ्यातला बैल उठून उभा राही. दुसऱ्या दिवशी चष्मा काढून ते म्हणाले, "सूनबाई सातवी शिकेल हाये. तिले वाचू द्या."

"कोनाले?" सुभद्राबाई आतून म्हणाल्या. "सून नवऱ्याले पिरश्न इचारीन? ओसरीवर बसून?"

"आपल्या भाषेत थोडीच इचारून राह्यली. सरकारी काम हाये."

सरकारी कामापुढे सुभद्राबाईंचं काही चाललं नाही. पण उन्हं उतरल्यावर ओसरीवर वाचन सुरू झालं की त्या तांदूळ निवडायला नेमक्या चौकटीत येऊन बसत. "काय इचारलं तिनं आता?" हे त्या प्रत्येक ओळीला विचारत. "घरातलं काही नाही ना?"

"नाही वं माय," शालिग्राम म्हणे. "किती वाजले, एवढंच."

"मंग घड्याळ लावून बसला ना तू. तिले दिसत नाही का?"

वच्छलेनं पहिल्या चार दिवसांत प्रश्नांची जात ओळखली. प्रश्नाचा सगळा जीव पहिल्या शब्दात असतो. के म्हणजे काय, क्येन म्हणजे कोण, दोंदे म्हणजे कुठे, क्वांदो म्हणजे केव्हा, क्वांतो म्हणजे किती. तो एक शब्द धरला की मागची ओळ बैलगाडीसारखी मागोमाग येते. "के एस एस्तो?" म्हणजे हे काय आहे; बोट दाखवून जगातल्या कुठल्याही वस्तूला विचारता येतं. "कोमो से यामा?" म्हणजे नाव काय; माणसाचंही आणि तिसऱ्या कुणाचंही. "कोमो एस्ता?" म्हणजे कसे आहात. पण हा प्रश्न नव्हेच, हे तिनं लगेच ताडलं. त्याचं उत्तर कायम "ब्येन", बरं आहे. पोटात कळ येत असली तरी ब्येन. आपल्याकडे वाटेत भेटलेला माणूस "झालं का जेवन?" म्हणतो, त्याला काही वाढायचं नसतं, तसं.

"पोर के?" वर मात्र ती हसली. पोर के म्हणजे का, काऊन. आणि उत्तराची सुरुवात होते तीही पोर्के, म्हणजे कारण.

"इचारायलेबी तेच आन् सांगायलेबी तेच?" तिनं भिंतीला म्हटलं.

"थोडा सूर वेगळा," शालिग्राम म्हणाला.

"मंग हे आत्याबाईची भाषा झाली. काऊन? तर काऊन म्हंजे काऊन."

महादेवराव हसू खोकल्यात दाबत उठून गोठ्यात गेले. चौकटीतून सुभद्राबाई म्हणाल्या, "माह्यं नाव आलं का त्याच्यात? मले ऐकू आलं."

एक प्रश्न मात्र वच्छला वाचायला तयार होईना. "आदोंदे वा?" म्हणजे कुठे चाललात. निघणाऱ्या माणसाला कुठे म्हणून विचारायचं नसतं. काम खोटी होतं. फार तर "लांब का?" म्हणावं. इथे तर माणूस समुद्रापलीकडे निघालेला. "तिथं इचारतील ते इचारोत," ती म्हणाली, "या ओसरीवर माह्या तोंडून निघनार नाही." त्या एका बाबतीत सासू-सून एका बाजूला झाल्या आणि ती ओळ तशीच राहिली.

पाचव्या दिवशी तिला कागदांचे आकडे दिसले. कोपऱ्यात बारीक छापलेले. एक, दोन, तीन. मग पाच. तिसऱ्या पानाच्या तळाशी ठळक अक्षरात लिहिलं होतं, 'घर व कुटुंब', आणि त्याखाली काहीच नाही. पाचव्याच्या डोक्यावर एकदम 'दवाखान्यात'. कुटुंबाचं सगळं पान मधून गायब.

"चौथं पान दिसत नाही म्हणावं," ती भिंतीला म्हणाली.

"शाई सांडली त्याच्यावर," शालिग्राम म्हणाला. "टाकलं." आणि मनगटावरच्या घड्याळाला किल्ली द्यायला लागला. सकाळीच त्यानं ती पुरेपूर दिली होती, किल्ली फिरेना.

वच्छलेनं पाचवं पान वाचायला घेतलं. "दोंदे ले द्वेले?" कुठे दुखतं?

दुसऱ्या दिवशी झुंबरबाई मिरच्या घेऊन आली. तिला पानाबिनाचं काही ठाऊक नव्हतं. पण तिच्याकडे नेमक्या वेळी नेमकी बातमी असायचीच. तिच्या मावसबहिणीच्या गावचा वामनराव विलायतेला शिकायला गेला होता. "गेल्याबरोबर तिथं कागदावर इचारतेत म्हने, लगन झालं का? हा म्हनला, नाही. बस. एक अक्षर. आता त्याची बायको दहा वर्सं झाले सासऱ्याच्या गोवऱ्या थापून राह्यली. कुकू लावते आन् थापते." मग वच्छलेचा चेहरा बघून म्हणाली, "तुह्यावाला तसा नाही वं. पन तुले तर लेकरूबी नाही ना मांगं ओढून आनाले."

लेकरू नाही. झुंबरबाई द्वारकेला मांडीवर घेऊन तेल लावायची. तीसुद्धा रीतीप्रमाणे मोजत नव्हती.

त्या दिवसापासून वच्छलेला पानाशिवाय काही सुचेना. त्या पानावर लग्न झालं का, हा प्रश्न असणार. आणि त्यापुढे त्यानं काय लिहिलं आहे, ते तिला दिसू नये म्हणून पान नाहीसं झालं आहे. त्याचं उत्तर नाही असेल, तर तिची उरलेली सगळी वर्षं त्या एका अक्षरात गेली. हे कुणाला विचारायचं? भिंतीला?

शालिग्राम कोट शिवून आणायला खामगावला गेला, तेव्हा तिनं त्याची ट्रंक उन्हाला काढली. कपडे झटकले, गव्हाच्या नमुन्यांच्या पिशव्या हुंगून पाहिल्या, वह्या फडकावल्या. काही नाही. मग तिचं लक्ष जाड वहीच्या कव्हराकडे गेलं. ते खाकी कव्हर तिनंच घातलं होतं, कणकेच्या खळीनं, कोपरे दुमडून. आता एका बाजूची घडी उलटी होती. आणि खळ गुठळ्यांची होती, पुरुषानं केलेली.

तिनं पदराचं टोक ओलं करून कडेवर फिरवलं. कव्हर सुटलं. आत चौघडी केलेलं पान होतं. त्यावर शाईचा एक थेंब नव्हता.

दारापाशी उभी राहून तिनं वाचलं. एस कासादो? लग्न झालं आहे का? पुढे पेन्सिलीनं लिहिलं होतं: सी. सी म्हणजे हो, हे तिला पहिल्या पानापासून ठाऊक होतं. पत्नीचं नाव? वच्छला. तिचा श्वास मोकळा झाला. झुंबरबाईच्या वामनरावाला तिनं मनातल्या मनात घाट चढवून हाकलून दिलं.

मग खालची ओळ. क्वांतोस इहोस त्येने? मुलं किती?

तिथं आधी काहीतरी लिहून रबरानं खोडलं होतं, कागद पातळ होईपर्यंत. त्यावर पुन्हा लिहिलं होतं: उना.

तिनं दुसरं पान काढून आकडे पाहिले. उनो, उना: एक.

एक?

ती तिथेच उंबरठ्यावर बसली. या घरात मुलं एकही नाही. लस टोचणाऱ्याच्या वहीत नाही, रेशनच्या कागदावर नाही, झुंबरबाईच्या तोंडी नाही. मग हे एक कुणाचं? त्याखालची ओळ होती, कोमो से यामा, नाव काय, आणि तिथली जागा कोरी होती. ज्याचं नाव लिहायला हात धजत नाही, असं लेकरू कुठे असतं?

नागपूर. चार वर्षं नागपूर. पंधराचे अठरा दिवस नागपूर.

तिनं पान होतं तसं चौघडी केलं, कव्हरात घातलं, ताजी खळ करून चिकटवलं. गुठळ्या ठेवायला ती विसरली नाही.

नंतरचे आठ दिवस ओसरीवर जे चाललं त्याला वाचन म्हणणं कठीण. ती ओळींचा क्रम मोडून विचारू लागली, वकिलासारखी. "क्येन एस?" कोण आहे? "एल प्रोफेसोर," तो म्हणे, मास्तर आहेत. "क्येन एस?" पुन्हा. "उन अमिगो," मित्र आहे. "दोंदे बीबे?" कुठे राहतो? "एन नागपूर," तो सहज म्हणाला, आणि तिनं कागदावरून डोळे उचलून त्याच्या हातांकडे पाहिलं. हात गप्प होते. परक्या भाषेत अजून त्याला आडवळणं येत नव्हती; होते नव्हते तेवढे शब्द तो सरळ समोर ठेवत होता. म्हणजे कधी कळायचंच असलं तर याच भाषेत कळेल, असं तिला वाटलं. पण तो एक प्रश्न विचारला, तर कव्हर उघडलं हे त्याला कळणार. तोंडाशी आलेला प्रश्न ती रोज तांदळाच्या खड्यासारखा बाजूला काढून ठेवत होती.

"हे पोलिसावानी काऊन इचारते वं त्याले?" सुभद्राबाई म्हणाल्या.

"तिकडले लोक असेच इचारतात आत्याबाई."

दसरा झाला आणि निघायचा दिवस आला. एस.टी. शेगावला जाणारी, तिथून रेल्वे. स्टँडवर निम्मं गाव जमलं होतं. कुणी कुठे म्हणून विचारलं नाही, सगळे "लांब का?" म्हणत होते आणि महादेवराव सगळ्यांना "हाव, जरासं," म्हणत होते. सुभद्राबाईंनी मुलाच्या तळहातावर दही घातलं. वच्छला दोन पावलं मागे, डोक्यावर पदर, हातात फराळाचा डबा.

लाल गाडी येऊन उभी राहिली. ड्रायव्हर चहाला उतरला. महादेवरावांना राहवेना. त्यांनी गर्दीकडे एकदा पाहिलं आणि मोठ्यानं म्हणाले, "सूनबाई, एक-दोन पिरश्न इचारा बरं तेच्या भाषेत. लोकाईले ऐकू द्या."

"इथं?" सुभद्राबाई म्हणाल्या.

"इथंच. माह्या सुनंलेबी येते म्हनाव."

वच्छलेच्या हातात कागद नव्हता. आता जे विचारायचं ते डोक्यातलंच. आणि आता नाही विचारलं, तर सहा महिने ती या एका आकड्यासोबत त्याच घरात राहणार होती, भाकरी थापत, आणि तो परत आला तरी तो कुणाकडे परत आला हे तिला कधीच कळणार नव्हतं.

तिनं भिंत शोधली नाही. सरळ त्याच्याकडे पाहिलं.

"क्वांतोस इहोस त्येने?"

शालिग्रामचा चेहरा उतरला. त्याच्या लेखी ही ओळ तिच्यासमोर कधी आलीच नव्हती. गर्दीतून कुणी म्हणालं, "वा रे वा! रेडिओवानी बोलते!" त्याचा हात घड्याळाकडे गेला. ती हाताकडेच बघत होती. हात किल्लीपाशी थांबला, आणि खाली आला.

"उना," तो म्हणाला. "उना इहा." एक. मुलगी.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. महादेवराव चोहीकडे बघून हसले. वच्छलेनं डबा दोन्ही हातांनी घट्ट धरला.

"कोमो से यामा?"

टाळ्या विरल्या. ड्रायव्हर चढला, इंजिन सुरू झालं, कंडक्टरनं दारावर थाप मारली. वच्छला जागची हलली नाही. एक नाव. कुठल्याही बाईच्या लेकराचं असो, एक नाव तरी.

"द्वारका," शालिग्राम म्हणाला.

इतका वेळ स्टँडवर कुणालाच काही कळत नव्हतं. हा एक शब्द सगळ्यांना कळला. झुंबरबाईनं तोंडाला पदर लावला. महादेवरावांचं हसू होतं तिथेच राहिलं. सुभद्राबाईंच्या हातातली दह्याची वाटी तिरपी होऊन लुगड्यावर ओघळ आला, तो त्यांना दिसला नाही.

"तुले वाचाले लागू नये म्हनून काढलं होतं ते पान," तो अगदी खालच्या आवाजात, आपल्या भाषेत म्हणाला. चारचौघांत तो तिच्याशी पहिल्यांदाच सरळ बोलत होता. "आन् 'एकबी नाही' असं मले लिहिता आलं नाही. तिथं तरी."

वच्छलेनं डबा पुढे केला. म्हणाली, "कव्हराची खळ नीट लावत जा. गुठळ्या राहतात."

तो चढला, गाडी गेली. धूळ बसेपर्यंत लोक उभे होते, मग पांगले. महादेवराव रुमाल झटकत पुढे निघून गेले. त्यांना एकट्यानं चालायचं होतं. सासू-सून मागून निघाल्या, नेहमीप्रमाणे सुभद्राबाई दोन पावलं पुढे.

नदीचा उतार आला. मग मागे न बघता सुभद्राबाई म्हणाल्या, "तू काय इचारलं होतं त्याले?"

"लेकरं किती म्हणून."

"आन् तो काय म्हनला?"

"एक."

सुभद्राबाई चालत राहिल्या. वच्छला त्यांच्या पाठीकडे बघत होती. आता बोलणी बसतील, रीत मोडली, नाव घेतलं, पुढचं वाट चुकलं, असं सगळं ती मनात आधीच ऐकत होती.

"तिकडं अजून काय इचारतात?" सुभद्राबाई म्हणाल्या.

"वय इचारतात."

"मंग? तुले इचारलं असतं तर काय सांगतलं असतं?"

"आठ महिन्यांची होती, म्हणलं असतं."

पायाखालचा उतार संपला. समोर झुंबरबाईच्या मळ्यावरची मोट कुरकुरत होती.

"साडेआठ," सुभद्राबाई म्हणाल्या. आणि चालायचं न थांबवता त्यांनी बाजूला सरून सुनेला शेजारी जागा केली.